झिरो बघितला होता

"झिरो बघा ताई," पंपावरची मुलगी म्हणाली, आणि मी बघितला. अगदी डोळ्यांत तेल घालून बघितला. आकडे पळायला लागले तेव्हाही नजर हलवली नाही. बरोबर 2000 वर आकडा थांबला. पावती मागून घेतली, घडी घालून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. एका पैशाची फसवणूक झाली नाही. फक्त गाडी डिझेलची होती आणि आत गेलं होतं पेट्रोल.

जानेवारीतला रविवार. वेदगंगेच्या काठावर आमचं गाव, तिथून आप्पांना घेऊन मी कोल्हापूरला येत होते. आप्पा म्हणजे माझे वडील, वय 79. सोमवारी सकाळी त्यांच्या डोळ्यांची तपासणी होती. डिकीत गुऱ्हाळावरून आणलेले गुळाचे चार रवे (ढेपा), पिशवीभर शेंगा आणि पाच लिटरच्या कॅनमध्ये ताजी काकवी. गाडी नवऱ्याची, तो पुण्याला गेलेला. माझ्या हातात ती वर्षातून पाच-सहा वेळा येते, तीही टाकी भरलेली. पंपावर तिला मी कधी नेलंच नव्हतं. माझी स्कूटर दर आठवड्याला जाते, आणि तिथलं माझं वाक्य गेली वीस वर्षं ठरलेलं आहे, 'दोनशेचं पेट्रोल.' त्या दिवशी कागल सोडल्यावर रिझर्व्हचा दिवा लागला, पहिल्या दिसलेल्या पंपावर वळले, काच खाली केली आणि तोंडातून तेच वाक्य पडलं. एक शून्य तेवढं वाढलं.

आपल्याकडं पंपावर कुणी लिटरमध्ये बोलत नाही. शंभरचं, पाचशेचं, हजाराचं. खिशाला जेवढं झेपतं तेवढं तोंडातून निघतं, आत किती पडलं ते मशीनला ठाऊक. म्हणून सगळा जीव त्या झिरोवर. झिरो न करताच भरायला सुरुवात केली, माप मारलं, रॉकेल मिसळलं, असल्या गोष्टी सांगणारं एक तरी माणूस प्रत्येक घरात असतं. पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप असतं, मागितलं तर आपल्यासमोर मोजून दाखवतात. फिल्टर पेपर असतो. त्यावर पेट्रोलचा थेंब टाकायचा, तो उडून गेल्यावर डाग राहिला तर भेसळीचा संशय घ्यायचा. मी शाळेत विज्ञान शिकवते. हे सगळं नववीला दरवर्षी सांगते, वर 'ग्राहकानं जागं राहिलं पाहिजे' असंही सांगते. मशीनवर तीन ओळी असतात: रुपये, लिटर, दर. जाग्या ग्राहकानं पहिली तेवढी वाचली. दराच्या ओळीत 104 च्या पुढचा आकडा होता. डिझेल तेव्हा त्याहून 13-14 रुपयांनी खाली होतं. मुलांनी उत्तराला एकक लिहिलं नाही तर मी अर्धा मार्क कापते.

टाकीच्या झाकणाच्या आत 'डिझेल' असा स्टिकर होता म्हणे. गाडी धुणाऱ्याच्या पाण्याच्या माऱ्यानं तो कधीच गेला, गोंदाचा चौकोन राहिलाय. आणि यात एक गंमत आहे. डिझेलची नोझल साधारणपणे जाड असते, पेट्रोल गाडीच्या तोंडात ती सहसा जात नाही. पेट्रोलची बारीक, ती डिझेल गाडीत सुळकन उतरते. म्हणजे दोनपैकी जी चूक जास्त महागात पडते, नेमकी तिलाच वाट मोकळी.

दीड-दोन किलोमीटर गाडी नेहमीसारखी पळाली. नळीत आणि फिल्टरमध्ये जुनं डिझेल होतं तोवर तिला पत्ताच नव्हता. गोकुळ शिरगाव मागं पडलं आणि इंजिनातून आवाज यायला लागला, पत्र्याच्या डब्यात कुणी खडे हलवावेत तसा. पाय दाबला तर वेग वाढायच्या ऐवजी गचके. मागं पांढरा धूर. "ठसका लागलाय तिला," आप्पा म्हणाले. उजळाईवाडीचा पूल समोर दिसत होता तेवढ्यात गाडी बंद पडली. उरलेल्या वेगावर कशीबशी डाव्या कडेला घेतली.

आणि मग मी सेल्फ मारला. पुन्हा मारला. थोडं थांबून, मनात अंबाबाईचं नाव घेऊन, पुन्हा मारला.

याहून वाईट काही करता आलं नसतं, आणि का, हेही मला माहीत होतं. पण ते माहीत असणं त्या घटकेला फळ्यावर राहिलं होतं. पेट्रोल इंजिनात ठिणगी इंधन पेटवते. डिझेल इंजिनात ठिणगी नसतेच. तिथं हवाच इतकी दाबतात, सोळा-सतरा पट, की ती 500 अंशांच्या वर तापते, आणि तिच्यात डिझेलचा फवारा सोडला की तो आपला आपण पेट घेतो. ही करामत रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरची. 1897 मध्ये त्याचं इंजिन मनासारखं चाललं आणि 1913 मध्ये इंग्लंडला जाताना बोटीवरून एका रात्री तो नाहीसा झाला. वर्गातल्या मुलांना इंजिनापेक्षा हाच भाग जास्त आवडतो, शेवटच्या बाकावरची पण मान वर करतात. तर डिझेल बनवतात ते दाबाखाली चटकन पेटावं म्हणून, आणि पेट्रोल बनवतात ते दाबाखाली आपोआप पेटू नये म्हणून. एकाच खनिज तेलाच्या पोटातून निघालेली ही दोन भावंडं, पण स्वभाव बरोबर उलटे.

तरी खरं दुखणं पेटण्याचं नाही, वंगणाचं आहे. आताच्या डिझेल गाड्यांतला पंप इंधनाला 1,500 बारच्या वर दाबतो. गाडीच्या टायरमधल्या हवेच्या सातशे पट म्हणा. या पंपाला वंगण म्हणून आतून वाहणारं डिझेलच असतं. आणि पेट्रोल? हाताला ग्रीस लागलं तर गॅरेजमधली पोरं पेट्रोलच्या बोळ्यानं पुसतात, यातच सगळं आलं. पंप कोरडा पडला की धातूवर धातू घासतो, कीस निघतो, आणि तो कीस इंधनाचा फवारा सोडणाऱ्या इंजेक्टरच्या सुईच्या टोकाएवढ्या छिद्रांत जाऊन बसतो. म्हणून चुकीचं इंधन पडलंय असं कळलं तर किल्लीला हातसुद्धा लावायचा नसतो. नुसती फिरवली तरी टाकीतला पंप पेट्रोल पुढं ढकलायला लागतो. मला मात्र कळलंच नव्हतं. मी आपली बॅटरी उतरली असेल का, या विचारात.

विम्याच्या कागदावर रस्त्यावरच्या मदतीचा नंबर होता. दरवर्षी त्याचे वेगळे पैसे भरतो आम्ही. लावला. गाणं वाजलं, मग एक अतिशय सभ्य मुलगा हिंदीतून बोलायला लागला. लोकेशन विचारलं. म्हटलं, उजळाईवाडी.

"उज्जैन, मॅडम?"

"उजळाईवाडी. कोल्हापूर."

"ओके मॅडम, सोलापूर."

तिसऱ्यांदा सांगितल्यावर जमलं. नव्वद मिनिटांत माणूस पोचेल म्हणाला आणि आपण सुरक्षित आहात ना, असंही विचारलं. कागदावर लिहिलेलं विचारत असेल, पण विचारलं.

आप्पा तोवर खाली उतरले होते. बांधाकडेची सुबाभळीची फांदी मोडून त्यांनी गाडीच्या मागं वीस-पंचवीस पावलांवर आडवी टाकली, वर दोन दगड ठेवले. डिकीत लाल त्रिकोण असतो आणि तो असल्या वेळेलाच वापरायचा असतो, हे मला नंतर आठवलं. तो गुळाच्या रव्यांखाली होता.

हायवेवर गाडी बंद पडणं म्हणजे काय, ते काठावर उभं राहिल्याशिवाय समजत नाही. आत बसलेलं असताना ऐंशीचा वेग म्हणजे काहीच वाटत नाही. खाली उभं राहिलं की प्रत्येक ट्रक अंगावरून गेल्यासारखा जातो, पदर ओढून नेतो. मधूनच उसाचे ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या, स्पीकरवर छाती हादरवणारं गाणं. त्याच उसापासूनचं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत मिसळतात. म्हणजे माझ्या टाकीत थोडा ऊस होता, डिकीत काकवी होती आणि शेजारून ट्रॉल्या भरून ऊस चालला होता. चालत नव्हती ती तेवढी गाडी.

पहिल्या दहा मिनिटांत चार मोटारसायकली थांबल्या. हे कोल्हापूरचं आहेच. पत्ता विचारला तर माणूस पुढं होऊन सोडायला येतो आणि गाडी बंद पडली तर न विचारता बॉनेट उघडतो. त्याला त्यातलं कळतंच असं नाही. एकानं बॅटरीच्या वायरी हलवल्या. दुसऱ्यानं धक्का मारू या म्हटलं. एक काका बिडी ओढत आले, त्यांना नुसतंच बघायचं होतं. पाचवी मोटारसायकल थांबली आणि हेल्मेटच्या आतून आवाज आला, "बाई? तुम्ही?"

शेवटचा बाक, खिडकीकडचा. दहावीला विज्ञानात काठावर पास झालेला. आता गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत सीएनसी मशीनवर आहे, दोन मशिनी स्वतःच्या हाताखाली आहेत म्हणाला. त्यानं बाकीच्यांसारखं बॉनेट बघितलं नाही. विचारलं, "आत्ताच कुठं तेल भरलासा काय?" मग टाकीचं झाकण उघडलं, नाक जवळ नेलं आणि माझ्याकडं बघितलं.

"बाई, ह्यात पेट्रोल हाय."

त्यानं आधी बिडीवाल्या काकांना पलीकडं पिटाळलं. मग म्हणाला, "किती वेळा सेल्फ मारलासा?"

"दोन-तीनदा."

खरं तर सात-आठ वेळा.

आणि इथून पुढची वीस मिनिटं मला लिहायची नव्हती. पण ती सोडून बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. जमलेल्यांपैकी एकानं लगेच निकाल दिला, "पंपावाल्यानं घोळ केला." दुसरा म्हणाला, "सोडायचं न्हाई ताई. पावती हाय न्हवं? मग झालं." पावती माझ्या पर्समध्ये, नीट घडी घातलेली. मी ती काढली. मी काय म्हणाले ते मला त्या क्षणी स्वच्छ आठवत होतं. 'दोन हजाराचं पेट्रोल', माझाच आवाज. मुलीनं पुन्हा विचारलं होतं, तेही आठवत होतं. पण माझ्याभोवती आठ-दहा माणसं उभी होती, सगळी माझ्या बाजूची, आणि त्यांच्यात एक माझा विद्यार्थी. मी खोटं काहीच बोलले नाही. पावती पुढं केली आणि म्हणाले, "त्या मुलीनं भरलं." शब्द न् शब्द खरा. आप्पा दगडावर बसून शेंगा फोडत होते, ते काही बोलले नाहीत.

"थांबा बाई, बघतोच मी," म्हणत पोरानं पावती घेतली आणि गाडीला किक मारली.

तो गेल्यावर मला जे वाटायला लागलं त्याला नाव नाही. मी काकवीचा कॅन सरळ आहे का ते बघून आले. दोनदा.

अर्ध्या तासानं तो आला. सर्व्हिस रोडनं, मागच्या सीटवर ती पंपावरची मुलगी. मागून दुसऱ्या गाडीवर तिथला मॅनेजर. मुलगी विशीचीही नसेल; युनिफॉर्मवर स्वेटर, केसांना घट्ट रबर, डोळे रडून लाल. मॅनेजरनं आल्या आल्या हात जोडले. "मॅडम, हिला मी उद्यापासनं कमी करतो. पण हितं गर्दी नको, मालकांच्या कानावर जायला नको."

मुलगी माझ्याकडं बघून म्हणाली, "ताई, मी दोनदा विचारलो की तुमास्नी. पेट्रोलच न्हवं का, म्हणून विचारलो. तुमी व्हय म्हटलासा."

आमच्या भागात बायकाही 'मी विचारलो, मी गेलो' म्हणतात. शाळेत आम्ही ते दुरुस्त करतो. मुलीनं एवढ्या माणसांत, नोकरी चाललेली असताना, तेवढंच सांगितलं आणि गप्प बसली. वाढवून काही नाही.

"ती बरोबर सांगतेय," मी म्हणाले. "पेट्रोल मीच म्हणाले. तिनं विचारलं होतं."

कुणीच काही बोललं नाही. एक ट्रॅक्टर गाणं वाजवत शेजारून गेला, ते गाणं लांब जाईपर्यंत सगळे तसेच उभे. पावती आहे न्हवं म्हणणारा माणूस घड्याळ बघायला लागला. माझा विद्यार्थी बुटाच्या टोकानं माती उकरत होता. शेवटी बिडीवाले काकाच लांबून म्हणाले, "असू दे ओ. होतंय." मग पोरानं मान वर केली. चेहऱ्यावर ते दहावीतलं हसू. "बाई, अर्धा मार्क कापायचा का मग?"

मॅनेजरचा चेहरा क्षणात उजळला. नुकसानभरपाई टळलेल्या माणसाएवढा उदार दुसरा कोणी नसतो. डिझेल पाठवू का, चहा पाठवू का, सगळं विचारून झालं. मुलगी काही बोलली नाही. मी तिची माफी मागितली. ती "असू दे" म्हणाली, पण बघितलं पलीकडं. तिला ड्युटीवर परत जायचं होतं. नाव विचारायचं राहून गेलं.

मेस्त्री उद्यमनगरातून, म्हणजे कोल्हापुरातल्या वर्कशॉपच्या वस्तीतून आला, पोरानंच फोन करून बोलावलेला. साठीचा, बोटांच्या रेषांत कायमचं काळं बसलेलं, सोबत एक पोरगा आणि जुनी जीप. त्यानंही पहिल्यांदा तेच विचारलं, किती वेळा सेल्फ मारला. मी 'दोन-तीनदा' म्हणायला तोंड उघडलं.

"दोन-तीन म्हंजे सात-आठ," तो म्हणाला. "समदे दोन-तीनच सांगत्यात."

रस्त्यावर टाकी उघडायला त्यानं साफ नकार दिला. डिझेल सांडलं तर घसरतं, पेट्रोल सांडलं तर पेटतं. त्याची वाफ जमिनीलगत पसरत जाते आणि लांबची ठिणगीही तिला पुरते. "टोचन करून न्यायची," म्हणाला. पंपाचा फ्यूज आधी काढून खिशात टाकला, किल्ली पहिल्या खुणेपर्यंतच फिरवायची, तेवढ्यानं स्टेअरिंग मोकळं होतं, असं बजावलं आणि जीपला दोर बांधला. निघताना आप्पांनी एक गोष्ट केली. सगळे गाडीत बसल्यावर ते खाली उतरून परत मागं चालत गेले आणि फांदी व दोन्ही दगड उचलून बांधावर टाकून आले. रस्त्यात तसेच राहिलेले दगड रात्री दुसऱ्याचा जीव घेतात, म्हणाले.

इंजिन बंद असताना गाडीचा ब्रेक दगडासारखा होतो आणि स्टेअरिंग चक्कीच्या पाळूसारखं फिरवावं लागतं. शाहू टोल नाक्यावरून आत वळलो (टोल आंदोलनानं टोल गेला, नाक्याचं नाव राहिलं), विद्यापीठावरून खाली, राजारामपुरीच्या कडेनं. एवढ्या वर्षांत या रस्त्यावर मला इतके ओळखीचे लोक कधीच भेटले नव्हते. सगळ्यांनी हात केला.

रविवार असूनही उद्यमनगर पूर्ण झोपलेलं नव्हतं. कुठंतरी एखादी लेथ चालू, कुठं ग्राइंडरची ठिणगी. आप्पा जीपमधून उतरले आणि एकदम दहा वर्षांनी लहान दिसायला लागले. त्यांच्या विहिरीवरचं पहिलं ऑइल इंजिन इथूनच गेलेलं, बैलगाडीतून. हँडल मारून चालू करायचं. चार माणसं दमायची आणि पाचव्याला ते एकदम धरायचं, मग डुगडुग शिवारभर. पुढं लहान इंजिन आलं, त्याच्या टाकीत दोन कप्पे. पेट्रोलवर चालू करायचं, तापलं की चावी फिरवून रॉकेलवर न्यायचं. मेस्त्री पाना हातात धरून ऐकत होता. दोघांचं असं जमलं की मला वाटलं, गाडी आता उद्यावरच जाते.

पण हात थांबले नाहीत. मागची सीट काढली, टाकीवरची जोडणी सोडवली आणि कॅन मागितला. गॅरेजमधले दोन्ही भरलेले. "तुमच्याकडं हाय तो?" पोरग्यानं डिकीतला कॅन उचलला. आप्पा ओरडलेच, "काकवी हाय त्यात!" शेवटी शेजारच्या वर्कशॉपमधून ड्रम आला. निघालेल्या तेलातलं थोडं मेस्त्रीनं काचेच्या बाटलीत धरलं, उजेडात बघितलं आणि पेपरच्या कोऱ्या कडेवर एक थेंब टाकला. शेजारी स्वच्छ डिझेलचा एक थेंब. पेट्रोलचा अंश बघता बघता उडून गेला, कागदावर मधे लहानसं तेलकट वर्तुळ राहिलं. शेजारचं वर्तुळ चांगलं मोठं. त्यानं दोन्हीवर बोट ठेवलं. "बारा-साडेबारा आणे पेट्रोल."

मी हिशेब केला. दोन हजारांचं म्हणजे साधारण 19 लिटर, रिझर्व्हवर उरलेलं डिझेल पाचेक लिटर. चोवीसात एकोणीस. सोळा आण्यांत बारा पूर्णांक सहा-सात. पंचवीस वर्षं मी फळ्यावर फिल्टर पेपर काढतेय. एकदाही थेंब टाकून दाखवला नाही.

मग फिल्टर काढला. त्यातलं तेल तळहातावर ओतून, अंगठ्यानं पसरून, टॉर्चखाली तो बराच वेळ बघत बसला. चमकी शोधत होता. पंपाचा कीस निघाला असेल तर तेलात चांदीच्या वर्खासारखी चमकी दिसते, आणि ती दिसली की पंप, इंजेक्टर, नळ्या, सगळ्याचाच खर्च. या वयाच्या गाडीला तो करावा का, इथपर्यंत प्रश्न जातो. आमची गाडी 2013 ची. तेव्हा पेट्रोल आणि डिझेलमध्ये वीस रुपयांहून जास्त फरक होता, जो तो डिझेल घेत सुटला होता, आम्हीही घेतली. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये सरकारनं डिझेलच्या किमतीवरचा हात काढला आणि तो फरक कमी होत गेला. त्या टॉर्चखालच्या तळहाताकडं बघताना हे सगळं का आठवत होतं कोण जाणे.

"न्हाई," मेस्त्री म्हणाला आणि हात पँटला पुसला. "नशीब हाय तुमचं."

टाकी धुतली, नवा फिल्टर, ताजं डिझेल, आणि मग हातपंपानं दाबून दाबून नळीतली हवा काढणं. शेवटी किल्ली माझ्याच हातात दिली. सेल्फ दोनदा नुसताच फिरला. तिसऱ्यांदा धरलं, खडखडत, धूर सोडत, मग हळूहळू आवाज गोल झाला. आप्पांनी नुसती मान डोलावली, विहिरीवर डोलवत असतील तशी. 4,800 रुपये झाले. निघालेलं मिश्रण मेस्त्रीनं स्पेअर पार्ट धुवायला ठेवून घेतलं, ड्रमवर खडूनं 'मिक्स – आग' लिहून. ते सोडून यायला आप्पांना फार जड गेलं. एवढ्यात गावाकडचं इंजिन महिनाभर चाललं असतं, असं त्यांचं म्हणणं. ते इंजिन 1998 मध्येच भंगारात गेलंय.

निघताना मेस्त्रीच्या पोरग्यानं टाकीच्या झाकणाच्या आत, गोंदाच्या त्या चौकोनावर, लाल ऑइलपेंटनं 'डिझेल' लिहिलं. झे फार मोठा आणि ल ला जागा पुरली नाही, तो खाली उतरलाय. नवरा म्हणतो, आता विकताना दोन हजार कमी येणार. विम्याच्या कंपनीचा मेसेज आम्ही चहा घेत असताना आला: आपली सेवा पूर्ण झाली आहे, पाचपैकी किती तारे द्याल? त्यांचा माणूस कुठं गेला होता कळलं नाही. उज्जैनलाही गेला असेल.

रात्री जेवताना पोळीबरोबर काकवी घेतली. मी आप्पांना म्हणाले, "मी पंपावर पेट्रोल म्हणाले, ते माझं मलाच कळलं नाही बघा."

"मी ऐकलं की," आप्पा म्हणाले.

माझा घास हातातच राहिला. "ऐकलं? मग बोलला का नाही?"

"तू विज्ञानाची बाई. मला वाटलं, आता काय नवीन निघालं असंल, ह्याच्यातबी पेट्रोल घालत असतील." त्यांनी बोटानं ताटातली काकवी गोळा केली. "आमच्या इंजिनात न्हाई का घालत हुतो आधी."

"आणि नंतर? तिथं सगळे पंपावाल्याला शिव्या देत होते तेव्हा?"

आप्पांनी पाणी प्यालं, भांडं खाली ठेवलं. "चार माणसांत लेकीला खोटं पाडू व्हय?" थोड्या वेळानं म्हणाले, "पण ती पोरगी रडत आली तवा बोलणार हुतो मी. तू आधी बोललीस म्हणून राहिलं."

ते बोलले असते का, हे मी त्यांना विचारलं नाही. मी बोलले नसते तर, हेही नाही.

आठ दिवसांनी त्यांना गावी सोडून परत येताना त्याच पंपावर थांबले. एका स्वच्छ बाटलीत अर्धा लिटर काकवी भरून घेतली होती. ती मुलगी दिसली नाही. तिच्या जागी एक पोरगा होता, कानात इअरफोन. मी 'डिझेल' म्हणाले, बहुतेक गरजेपेक्षा मोठ्यानं, कारण त्यानं कानातला इअरफोन काढला. "झिरो बघा," म्हणाला. त्याच्या हातात कुठली नोझल आहे ते बघण्यात झिरो बघायचा राहिला.

पैसे देऊन त्या मुलीबद्दल विचारलं. सकाळच्या शिफ्टला असते, म्हणाला. कामावर आहे, एवढं तरी कळलं. बाटली त्याच्या हातात दिली.

"कुणी दिली म्हणून सांगू?"

नाव सांगून तिला काय कळणार होतं! म्हटलं, "पेट्रोलवाल्या ताईंनी दिली म्हणून सांग."

"हितं समदेच पेट्रोलवाले की ओ," तो म्हणाला, बाटली मशीनवर ठेवली आणि पुढच्या गाडीला हात केला.